डिक्टेशनच्या डीएसएस आणि डीएस२ फायली: उघडणे, ऐकणे, टाइप करणे

प्रश्न असा आहे: "म्हापशात वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते. वकीलसाहेब पणजीहून रेकॉर्डरवरचे डिक्टेशन मेलने पाठवतात. काही फायलींच्या शेवटी डीएसएस असते, काहींच्या डीएस२. मीडिया प्लेअर त्या घेत नाही. नाव बदलून एमपी३ केले तरी उघडत नाहीत. शिवाय अशिलांचे व्हॉट्सॲपवरचे ऑडिओ आहेत आणि कपाटातल्या जुन्या सोनी रेकॉर्डरच्या एमएसव्ही फायली आहेत. एकाच सॉफ्टवेअरमध्ये हे सगळे चालेल का? आणि सगळ्यांचे एमपी३ करून ठेवले तर मूळ फायली पुसल्या तर चालतील का?"

मूळ फायली पुसू नका. याचे कारण पुढे सविस्तर येईलच, पण आजच कोणी जागा मोकळी करायला बसले असेल तर आधी थांबवा. एका सॉफ्टवेअरबद्दल सांगायचे तर पैसे मोजून घेतलेले एखादे यातले बरेचसे चालवते, फुकटातले एकही सगळे चालवत नाही. त्यामुळे कुठले सॉफ्टवेअर घ्यायचे हे नंतर ठरवा. समोरच्या फाइलच्या आत नेमके काय आहे, हे आधी ओळखा. डिक्टेशनच्या फायलींवर वाया जाणारा बहुतेक वेळ ही पायरी गाळल्यामुळे जातो.

नाव बदलल्याने काय होते, काय होत नाही

फाइलच्या नावाच्या शेवटची अक्षरे बघून विंडोज ती कुठल्या प्रोग्रामकडे सोपवायची एवढेच ठरवते. आतला आवाज ज्या पद्धतीने साठवला आहे, त्याच पद्धतीने राहतो. उलट, एमपी३ असे नाव दिल्यावर ज्या प्रोग्रामला ती खरोखर उघडता आली असती, तोही तिला आपली म्हणत नाही. ज्यांची नावे बदलली असतील, त्यांना पहिली नावे परत द्या. फाइल बिघडलेली नसते.

शेवटची अक्षरे दिसत नसतील तर फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू' मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' वर खूण करा. विंडोज ११ मध्ये ही खूण 'व्ह्यू' खालच्या 'शो' मध्ये आहे. हे न केल्यास "निकाल.एमपी३.डीएसएस" अशी दुहेरी शेपटाची फाइल तयार होते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

ही वेगळी पद्धत आलीच कशाला

डीएसएस म्हणजे डिजिटल स्पीच स्टँडर्ड. १९९४ च्या सुमारास ग्रुंडिगने ती विकसित केली आणि पुढे ऑलिंपस, फिलिप्स आणि ग्रुंडिग या तिघांनी मिळून तिला डिक्टेशन यंत्रांचे सामाईक मानक केले. त्या काळी मेमरी कार्डे दोन-चार एमबीची असत आणि फाइल टेलिफोनच्या तारेवरून पाठवावी लागे. त्यामुळे माणसाचे बोलणे कमीत कमी जागेत कसे बसेल, एवढाच विचार तिच्यामागे होता.

एमपी३ पद्धत कानाला काय ऐकू येते याचा हिशेब करून बाकीचे टाकून देते. डीएसएसचा हिशेब कानाचा नाही, तो घशाचा आहे. एकच माणूस बोलतो आहे असे ती गृहीत धरते आणि दर साधारण २४ मिलिसेकंदांच्या तुकड्यासाठी घशाचा आणि तोंडाचा आकार काय होता, स्वर किती उंच होता, जोर किती होता, एवढे आकडे सुमारे ४२ बाइटमध्ये लिहून ठेवते. वाजवताना त्या आकड्यांवरून आवाज नव्याने घडवला जातो. म्हणून नेहमीच्या एसपी (स्टँडर्ड प्ले) मोडमध्ये तासाभराचे डिक्टेशन सहा-साडेसहा एमबीत बसते. तोच तास सीडीच्या दर्जाच्या एका चॅनेलच्या वेव्ह फाइलमध्ये ३०० एमबीच्या वर जातो.

हे लक्षात ठेवले की ऐकताना येणाऱ्या अर्ध्याअधिक अडचणींचा उलगडा होतो. एक माणूस माईकजवळ बोलत असेल तर आवाज स्वच्छ लागतो. दोघे एकदम बोलले, मागे पंखा घरघरत असला किंवा पत्र्यावर पाऊस कोसळत असला की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, कारण एका घशाच्या हिशेबात दुसरे काही बसत नाही. याच कारणाने धालो, फुगडी किंवा घुमट या मातीच्या वाद्यावरची घुमट आरती असे गोव्याचे लोककलाप्रकार कोणी डिक्टेशनच्या यंत्रावर डीएसएसमध्ये रेकॉर्ड करून ठेवले असतील, तर घुमटाचा नाद त्यातून परत काढता येत नाही. तो साठवलाच गेलेला नसतो. लोककलांचे रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी यंत्र आधी पीसीएम म्हणजे वेव्हवर लावावे. ऑलिंपसच्या बऱ्याच अलीकडच्या यंत्रांत ती सोय असते.

डीएस२ हे डीएसएसचे पुढचे रूप, त्याला डीएसएस प्रो असेही म्हणतात. त्यातल्या क्यूपी (क्वालिटी प्ले) मोडमध्ये सेकंदाला २८ किलोबिट जागा वापरली जाते आणि १६ किलोहर्ट्झने नमुने घेतले जातात. जुना एसपी सुमारे १३.७ किलोबिटवर चालतो. दुसरा मोठा फरक म्हणजे डीएस२ फाइलला पासवर्ड लावून ती एनक्रिप्ट म्हणजे कुलूपबंद करता येते. डीएस२ न उघडण्याच्या तक्रारी बऱ्याचदा इथून सुरू होतात.

ओळख कशी पटवायची

फाइलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडा. बहुतेक सगळी अगम्य चिन्हे दिसतील. तुम्हाला फक्त पहिली ओळ बघायची आहे. सुरुवातीच्या एका चिन्हानंतर रोमन लिपीत डी, एस, एस अशी अक्षरे आली तर ती डीएसएस. डी, एस आणि आकडा २ आला तर डीएस२. 'रिफ' आणि पुढे 'वेव्ह' ही अक्षरे दिसली तर वेव्ह. 'ऑगएस' आणि थोडे पुढे 'ओपसहेड' असेल तर ती व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट. हॅश आणि उद्गारचिन्हानंतर एएमआर असेल तर जुन्या मोबाइलचे रेकॉर्डिंग. पहिल्या काही चिन्हांनंतर एफ, टी, वाय, पी दिसले तर एम४ए किंवा ३जीपी. आयफोनच्या व्हॉइस मेमोच्या फायली अशाच असतात.

नोटपॅड बंद करताना 'सेव्ह' करू नका. नोटपॅड ती मजकुराची फाइल समजून पुन्हा लिहितो आणि आवाज कायमचा जातो. म्हणूनच प्रत घ्यायला सांगितले.

त्याबरोबर आकारही बघा. एसपीमधले वीस मिनिटांचे डिक्टेशन दोन एमबीच्या आसपास हवे, क्यूपीमधले चार एमबीच्या थोडे वर. साहेब वीस मिनिटे बोलले आणि तुमच्याकडे ४० केबीची फाइल आली असेल, तर जगातले कुठलेही सॉफ्टवेअर ती पूर्ण वाजवणार नाही. फाइल वाटेत तुटली आहे, पुन्हा मागवा. डीएसएस फाइल ५१२ बाइटच्या ठोकळ्यांची बनलेली असते. 'प्रॉपर्टीज' मधल्या बाइटच्या आकड्याला ५१२ ने पूर्ण भाग जात नसेल तर बहुधा शेवटचा भाग आलेला नाही. पावसाळ्यात वीज गेली आणि मोडेम बंद पडला की अशा अर्धवट फायली मेलबॉक्समध्ये येऊन पडतात.

वेव्ह बघून निश्चिंत होऊ नका. वेव्ह हे फक्त खोके आहे, आत कॉम्प्रेस केलेला आवाजही असू शकतो. जुन्या डिक्टेशन आणि टेलिफोन रेकॉर्डिंगच्या यंत्रणा वेव्हच्या आत जीएसएम ६.१० किंवा ट्रूस्पीच भरत. नाव वेव्ह आणि तरी वाजत नाही, असे झाले तर मीडियाइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम टाका. आत कुठला कोडेक, म्हणजे आवाज दाबून साठवण्याची पद्धत, आहे ते तो एका ओळीत सांगतो.

डीएसएस उघडणे

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे ज्या कंपनीचे यंत्र, तिचेच सॉफ्टवेअर. ऑलिंपसचे जुने डीएसएस प्लेअर, त्यानंतरचे ओडीएमएस आणि फिलिप्सचे स्पीचएक्झेक या तिन्हींत डीएसएस चालते, मग यंत्र कोणाचेही असो. ऑलिंपसचे कॅमेरे आणि रेकॉर्डर २०२१ पासून ओएम डिजिटल सोल्यूशन्सकडे गेले, त्यामुळे नवी सॉफ्टवेअरे आणि अपडेट शोधताना 'ओएम सिस्टम' या नावाखाली बघा. जुन्या नावाने शोधले की भलत्याच संकेतस्थळांवरच्या सेटअप फायली पुढे येतात. त्या टाकू नका.

ओडीएमएस आणि स्पीचएक्झेक या दोन्हींत बोलणाऱ्यासाठी वेगळे आणि टाइप करणाऱ्यासाठी वेगळे असे दोन भाग असतात. तुम्हाला ट्रान्स्क्रिप्शनचा भाग हवा. साहेबांच्या रेकॉर्डरच्या खोक्यात बहुतेक वेळा डिक्टेशनच्या भागाचा परवाना असतो. तोच तुमच्या कॉम्प्युटरवर टाकला तर फाइल वाजेल, पण पायाच्या पेडलची आणि टायपिंगची सोय मिळणार नाही. परवाना मागताना हा फरक नीट सांगा.

एक्सप्रेस स्क्राइब टायपिस्टमध्ये खूप वापरले जाते. त्याची फुकट आवृत्ती वेव्ह, एमपी३ असे नेहमीचे प्रकार घेते. डीएसएस आणि डीएस२ साठी पैसे भरून घ्यायची प्रोफेशनल आवृत्ती लागते. फुकट आवृत्ती टाकून "डीएसएस चालत नाही" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, दोष फाइलचा नसतो.

पैसे न भरता डीएसएसचे वेव्ह करायचे तर एफएफएमपेग, हा आज्ञा टाइप करून चालवायचा फुकट प्रोग्राम. त्याला डीएसएसचे एसपी आणि एलपी (लाँग प्ले) हे दोन्ही मोड वाचता येतात. फाइल असलेल्या फोल्डरच्या पत्त्याच्या पट्टीत सीएमडी टाइप करून एंटर दाबा. उघडलेल्या काळ्या खिडकीत प्रोग्रामचे नाव, जागा, आडवी रेघ आणि तिला चिकटून आय हे अक्षर, पुन्हा जागा, अवतरण चिन्हांत मूळ फाइलचे नाव, परत जागा आणि शेवटी वेव्ह शेपटाचे नवे नाव लिहा. रोमन अक्षरांत, एवढेच. एफएफएमपेग मूळ फाइलला हात लावत नाही. मात्र नवे नाव आधीच्या एखाद्या फाइलचे असेल तर तिच्यावर लिहू का असे विचारते, तिथे घाईने होकार देऊ नका. फाइलच्या नावात मोकळी जागा असेल आणि अवतरण चिन्हे लिहायची राहून गेली असतील तर "अशी फाइल नाही" असे उत्तर येते. यात चूक नावाची असते.

व्हीएलसी जवळपास सगळे वाजवते, असा समज आहे. डीएसएससाठी त्याच्यावर विसंबू नका आणि डीएस२ साठी तर मुळीच नाही.

डीएस२ आणि पासवर्ड

डीएस२ साठी एफएफएमपेगच्या नादी लागू नका. ओडीएमएस, स्पीचएक्झेक किंवा एक्सप्रेस स्क्राइब प्रोफेशनल यांपैकी एक घ्या. उघडताना पासवर्ड विचारला गेला तर फाइल एनक्रिप्ट केलेली आहे. बोलणाऱ्याने रेकॉर्डरच्या ठरावीक फोल्डरवर एनक्रिप्शन लावले असेल, तर त्या फोल्डरमधली प्रत्येक नवी फाइल कुलूपबंदच येते. साहेबांच्या हे लक्षातही नसते, कारण त्यांच्या यंत्रावर ती नेहमीसारखी वाजते. "काही फायली उघडतात, काही नाही" असे होत असेल तर कुठल्या फोल्डरमधल्या उघडत नाहीत ते विचारा. कारण तिथेच सापडते.

रेकॉर्डर सुरू करताना विचारला जाणारा चार आकडी पिन वेगळा आणि फाइलचा पासवर्ड वेगळा. पिन देऊन फाइल उघडत नाही. फाइलचा पासवर्ड विसरला तर तो काढून देणारी खिडकी कंपनीकडेही नाही. १२८ किंवा २५६ बिटांचे एईएस एनक्रिप्शन असते, ते अंदाजाने फोडता येत नाही. पासवर्ड ऑफिसात कागदावर लिहून कुलपात ठेवा आणि ज्या मेलने फाइल येते त्याच मेलने पासवर्ड पाठवू नका.

सॉफ्टवेअर नाही पण रेकॉर्डर हाताशी आहे, अशा वेळी शेवटचा एक उपाय नेहमी चालतो. रेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून ३.५ मिमीची तार कॉम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये घाला, ऑडॅसिटी हा रेकॉर्डिंगचा फुकट प्रोग्राम उघडा, मोनो निवडा आणि रेकॉर्डर वाजवत ते नव्याने रेकॉर्ड करा. रेकॉर्डरचा आवाज दोन तृतीयांशावर ठेवा. ऑडॅसिटीतली पातळी उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर मोठ्या शब्दांचे टोक कापले जाऊन आवाज फाटतो. लॅपटॉपला बहुधा हेडफोन आणि माईक मिळून एकच भोक असते. तिथे साधी तार चालत नाही. दोन भोकांचा स्प्लिटर किंवा यूएसबीचे छोटे साउंड कार्ड घ्या. तासाभराच्या फाइलला तासच लागतो, पण फाइल कुठल्याही प्रकारची असली तरी काम होते.

सोनी, मोबाइल आणि व्हॉट्सॲप

एमएसव्ही आणि डीव्हीएफ हे सोनीचे स्वतःचे जुने प्रकार. त्यांच्यासाठी सोनीचे डिजिटल व्हॉइस एडिटर लागत असे. आता ते नव्या विंडोजवर बसवणे त्रासाचे आहे. सोनीने मीडिया प्लेअरसाठी एक प्लग-इन दिला होता, जुना कॉम्प्युटर कपाटात असेल तर त्यावर ही दोन्ही आधी करून बघा. रेकॉर्डर सुरू होत असेल तर तारेचा उपाय याहून कमी कटकटीचा आहे. एमएसव्ही किंवा डीव्हीएफ पुढेमागे उघडू म्हणून तशाच ठेवू नका. ज्या सॉफ्टवेअरवर त्या चालतात ते नाहीसे होत चालले आहे. यांची वेव्ह प्रत या महिन्यात करा आणि मूळही ठेवा.

व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोट ओपस प्रकारच्या असतात. व्हीएलसी, ऑडॅसिटी आणि ब्राउझर त्या वाजवतात, इथे अडचण नाही. पण अशिलाने ऑडिओ पाठवायचा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. ऑडिओ म्हणून पाठवला की वाटेत पुन्हा कॉम्प्रेस होण्याची शक्यता असते, नाव बदलते आणि मूळ तारीखही निघून जाते. जुन्या मोबाइलच्या एएमआर फायली व्हीएलसीत वाजतात. त्या ८ किलोहर्ट्झच्या असतात, त्यामुळे ४ किलोहर्ट्झच्या वरचे त्यात काही नसते.

टायपिंगसाठी रूपांतर करावे का

कंपनीचे सॉफ्टवेअर असेल तर अजिबात करू नका, मूळ फाइलवरच टाइप करा. डीएसएस आणि डीएस२ च्या आत आवाजाखेरीज बोलणाऱ्याचे नाव, कामाचा प्रकार, तातडीची खूण, सुरुवातीची-शेवटची वेळ आणि इंडेक्स मार्क असतात. साहेब बोलताना मध्येच बटण दाबून "इथे परिच्छेद तपासा" अशी खूण करतात, ती हीच. एमपी३ केले की या खुणा पुसल्या जातात. मग तातडीचा अर्ज कुठला आणि पुढच्या आठवड्याचे लेखी म्हणणे कुठले, हे प्रत्येक फाइल ऐकून ठरवावे लागते.

रूपांतर करायचेच झाले तर १६ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो वेव्ह करा, तासाला ११५ एमबीच्या आसपास लागतील. जागा कमी असेल तर ६४ केबीपीएसचे मोनो एमपी३, तासाला २९ एमबी. ३२० केबीपीएसचे एमपी३ केल्याने काहीही मिळत नाही. डीएसएसने जे टाकून दिले ते परत येत नाही, फाइल तेवढी फुगते. आणि डीएसएसचे एएमआर किंवा व्हॉट्सॲपवर परत पाठवलेले ओपस, अशी एका बोलण्याच्या पद्धतीतून दुसऱ्या बोलण्याच्या पद्धतीत उडी मारू नका. प्रत्येक पद्धत आपल्या हिशेबाने आवाज नव्याने घडवते, दुसऱ्या फेरीत व्यंजने चिखलात जातात.

इंटरनेटवर फाइल चढवून फुकट रूपांतर करून देणारी संकेतस्थळे आहेत. अशिलाचे बोलणे किंवा बांबोळीच्या इस्पितळातल्या रुग्णाचा अहवाल तिथे चढवू नये. फाइल कोणाच्या सर्व्हरवर किती दिवस राहते, हे तुमच्या हातात राहत नाही. वकिलाला अशिलाने सांगितलेले गुप्त ठेवण्याचे बंधन कायद्याने आहे आणि ऑफिसात टाइप करणारी व्यक्ती त्या बंधनाबाहेर नाही.

पेडल आणि कळा

दिवसाला तासभर जरी डिक्टेशन येत असेल तर पायाचे पेडल घ्या. मधले दाबले की वाजते, सोडले की थांबते, एका बाजूचे मागे नेते, दुसऱ्या बाजूचे पुढे. पेडल विकत घेण्यापूर्वी तुमचे सॉफ्टवेअर ते मॉडेल घेते का, ते सॉफ्टवेअरच्या यादीत बघा. यूएसबीत घातले आणि काहीच होत नसेल तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये पेडलचा प्रकार निवडायचा राहिलेला असतो.

सर्वांत उपयोगी सेटिंग म्हणजे ऑटो बॅकस्टेप: पेडल सोडून परत दाबल्यावर आवाज थोडा मागून सुरू व्हावा. एक ते दीड सेकंद ठेवा. तीन सेकंद ठेवले की प्रत्येक वाक्य दीडदा ऐकावे लागते, शून्य ठेवले की पहिला शब्द निसटतो. वेग कमी करायचा तर ८० टक्क्यांच्या खाली फार जाऊ नका. डीएसएसचा आवाज जास्त ताणला की स्वर लांबतात आणि त, थ, ट, ठ एकसारखे लागू लागतात. पेडल नसेल तर एक्सप्रेस स्क्राइबमध्ये एफ९ वाजवते, एफ४ थांबवते, एफ७ मागे नेते. वर्ड उघडा असतानाही या कळा चालतात, खिडकी बदलावी लागत नाही. लॅपटॉपवर एफएन दाबल्याशिवाय चालत नसतील तर एफएन लॉक लावा.

चुका कुठे होतात

ऐकण्यातल्या चुका सगळ्या सारख्या नसतात. स, श, फ यांसारख्या वर्णांचा बराचसा भाग ४ किलोहर्ट्झच्या वर असतो. ८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये तो उरत नाही आणि एसपी डीएसएसमध्येही साडेपाच किलोहर्ट्झच्या आसपास संपतो. अशा आवाजात एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेसष्ट आणि सदुसष्ट, इंग्रजीत थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी यांत गल्लत होते. गोव्याच्या कागदांत ही गल्लत महागात पडते. सर्व्हे नंबर आणि सबडिव्हिजनचा एक आकडा चुकला तर 'फॉर्म एक आणि चौदा' हा जमिनीचा उतारा दुसऱ्याच जमिनीचा निघतो. आकडा कानावर सोडू नका, मूळ उताऱ्याशी जुळवा. साहेबांना सांगा, आकडा एकदा पूर्ण आणि एकदा अंक-अंक बोलावा: "त्रेसष्ट, सहा तीन".

दुसरी जागा म्हणजे इथली मिश्र भाषा. डिक्टेशन इंग्रजीत चालू असते, मध्येच साक्षीदाराचे कोकणी वाक्य येते, पुढच्या परिच्छेदात मराठी, आणि मध्ये मुंडकार, कोमुनिदाद, आफ्रामेंत, इन्व्हेंटरी असे शब्द. कोकणीतले अनुनासिक स्वर डीएसएसमध्ये दबतात, त्यामुळे क्रियापदाचा शेवट ऐकू येत नाही आणि कोण बोलले, एक की अनेक, हेच निसटते. साक्षीदाराचे वाक्य असेल तिथे अंदाजाने भरू नका. मजकुरात चौकोनी कंसात वेळ लिहा, उदाहरणार्थ [१२ मि. ४० से. अस्पष्ट], आणि साहेबांकडून तेवढेच विचारून घ्या. नेहमीच्या गावांची, आडनावांची आणि पोर्तुगीज काळातल्या शब्दांची यादी पडद्याशेजारी चिकटवून ठेवली तर महिन्याभरात निम्म्या शंका कमी होतात.

वाक्याचे पहिले अक्षर सारखे कापले जात असेल तर दोष कॉम्प्रेशनचा नाही. रेकॉर्डरमध्ये आवाज आला की आपोआप सुरू होण्याची सोय चालू असते, आवाज ओळखेपर्यंत पहिला उच्चार गेलेला असतो. ती सोय बंद करायला सांगा. माईक तोंडापासून हातभर लांब धरण्यापेक्षा वीतभर, थोडा बाजूला धरला तर श्वासाचे फटकारे येत नाहीत आणि पंखाही मागे पडतो.

यंत्राकडून मजकूर काढून घ्यायचा विचार असेल तर ओपनएआयच्या व्हिस्परला मराठी येते, आणि तो स्वतःच्या कॉम्प्युटरवर, इंटरनेटशिवाय चालवता येतो. त्याला डीएसएस थेट देण्यापेक्षा १६ किलोहर्ट्झची मोनो वेव्ह द्या, आत तो तेवढेच वापरतो. त्याच्या भाषांच्या यादीत कोकणी नाही. कोकणी वाक्य तो मराठी किंवा हिंदी समजून लिहितो, आणि ते वाचायला इतके सरळ वाटते की चूक डोळ्यांना दिसत नाही. लांब शांततेत तो न बोललेली वाक्येही घालतो. कच्चा खर्डा म्हणून ठीक आहे, पण कोर्टात जाणारा मजकूर आवाज लावून शब्द-शब्द तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका.

मूळ फायली का ठेवायच्या

साहेबांचे रोजचे डिक्टेशन टाइप होऊन सहीला गेले की त्याची फाइल किती दिवस ठेवायची ते ऑफिसने ठरवावे. पण अशिलाचा ऑडिओ, धमकीचा फोन, व्यवहाराच्या बैठकीचे रेकॉर्डिंग, जुन्या सोनीवरची साक्ष, ही सगळी उद्या पुरावा होऊ शकतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात फाइलचे हॅश मूल्य लिहायचे असते. हॅश म्हणजे फाइलच्या एकूण एक बाइटवरून काढलेला लांबलचक आकडा. एक बिट बदलला तरी तो पूर्ण बदलतो. तुम्ही एमपी३ केलेत, ऑडॅसिटीत आवाज वाढवून त्याच नावाने साठवलेत, की मूळ फाइलचा हॅश परत कधीच जुळत नाही.

म्हणून फाइल आल्याबरोबर, वाजवण्याच्याही आधी, तिचा एसएचए-२५६ हॅश काढून तारीख-वेळेसह नोंदवहीत लिहा. सेव्हन-झिप बसवलेले असेल तर फाइलवर उजवे बटण, 'सीआरसी एसएचए', मग एसएचए-२५६. फाइलवर फक्त वाचण्याची खूण लावा, एक प्रत पेन ड्राइव्हवर कपाटात, एक कामाच्या फोल्डरमध्ये. रेकॉर्डरवरून घेताना 'मूव्ह' नको, 'कॉपी' करा. हॅश जुळल्याचे बघितल्यावरच रेकॉर्डर रिकामा करा.

डीएसएसच्या आत रेकॉर्डिंगची वेळ लिहिलेली असते खरी, पण ती रेकॉर्डरच्या घड्याळाची. बॅटरी बराच काळ काढून ठेवली की घड्याळ मागे पडते किंवा पहिल्या तारखेवर जाते आणि पुढच्या सगळ्या फायलींवर चुकीची वेळ बसते. कपाटातले जुने यंत्र सुरू केल्यावर प्रथम घड्याळात काय दिसते त्याचा फोटो घ्या, मगच ते बरोबर करा. बॅटरीच्या कप्प्यात पांढरट थर चढलेला असेल, गोव्याच्या दमटपणात तो चढतोच, तर कापसाच्या बोळ्याला थोडेसे व्हिनेगर लावून संपर्कपट्ट्या पुसा, त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या आणि मग नव्या बॅटऱ्या घाला. थर तसाच ठेवून बॅटऱ्या घातल्या तर यंत्र मध्येच बंद पडते, आणि फाइल लिहिताना बंद पडले तर ती फाइल शेवटपर्यंत वाजत नाही.